तेरवीचा पलंग

हमालांनी टेम्पोतून पलंग उतरवून पोर्चमध्ये टेकवला आणि गोपिकाबाईने सवयीने त्याच्या डोक्याकडच्या फळीवरून हात फिरवला. हात फळीच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं वं आई?" जितेंद्रने विचारलं. त्याचं मुंडण ताजं होतं आणि डोक्यावरची टोपी सारखी घसरत होती.

"काही नाही. नवा आहे ना गा?"

"नवाच. रंगाचा वास येऊन राहिला ना अजून."

वास तिलाही येत होता. तिने पदर खोचला, खाली बसली आणि सरळ पलंगाच्या पोटाखाली शिरली. नवऱ्याच्या तेरवीला बायको पलंगाखाली शिरते, असलं दृश्य पारशिवनीहून आलेल्या पाहुण्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मांडवातली बोलणी थांबली. आचारी हातातला झारा तसाच धरून बघायला आला. मी शेजारी. तेरवीच्या मांडवात शेजाऱ्याला जेवढं काम असतं तेवढं करत होतो, म्हणजे एक खुर्ची अडवून बसलो होतो. मीसुद्धा उभा राहिलो.

"काय हरपलं वं गोपिका?" जिजाबाईने विचारलं. ही मनोहररावांची थोरली बहीण. भाऊ गेला तरी तिचा आवाज काही बसला नव्हता.

गोपिकाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाच्या टोकावर एक काळा तीळ होता. एका अंगाला चॉकलेटी रंग चिकटलेला. सांध्यातून नखाने खरवडून काढलेला.

"हा माह्या हातचा पलंग आहे," ती म्हणाली.

गोपिकाबाईच्या हातचा म्हणजे काय, हे आमच्या नंदनवन वस्तीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मनोहरराव भोयर गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात होते. जन्मभर नवं कापड मोजलं, आणि घरात मात्र पहिल्यापासून सगळं जुनं. कपाट कोणाचं तरी, शिलाई मशीन कोणाचं तरी, लग्नातला कोटसुद्धा मालकाच्या भावाचा. अशाच एका जुन्या खुर्चीला गोपिकाबाईने घरच्या घरी घासून रंग दिला, तो गल्लीने पाहिला, आणि बघता बघता तिच्या पोर्चमध्ये कारखाना उभा राहिला. लोक मोडकं द्यायचे, ती नवं परत करायची. आधी पॉलिश पेपरने घासणं, मग भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, मग प्रायमर, मग रंगाचा एक हात, तो वाळला की पुन्हा घासणं, मग दुसरा हात. पलंग असला तर ती खालूनही रंगवायची.

"खालून कोण पाहते वं?" मनोहरराव विचारायचे.

"पलंग पाहते," ती म्हणायची.

तिने पॉलिश केलेल्या एका टेबलावर माशी बसायला आली आणि घसरून खाली पडली, हे मी स्वतः पाहिलं आहे. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. आणि सक्करदऱ्याच्या एका गृहस्थाने आपलीच विकलेली खुर्ची दुकानात ओळखली नाही. ती पुन्हा विकत घेतली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, बघ, आपल्या त्या जुन्या खुर्चीपेक्षा किती बरी. गोपिकाबाईला ही गोष्ट फार आवडायची. जुनं जुनं वाटलंच नाही पाहिजे, हा तिचा एकच हट्ट.

पुष्कर नावाचा एक पोरगेला फर्निचरवाला तिला नेमाने माल द्यायचा. हा पलंग त्याच्याकडूनच पहिल्यांदा आला. लग्नसराईचा माल आहे काकू, तो म्हणाला. वर आधीच प्रायमर मारून आला होता, त्यावर तिने पिस्ता रंग दिला. थोड्या दिवसांनी पलंग परत आला. नवरीले रंग पटला नाही म्हणे. तिने निळा दिला. पुन्हा परत. मोतिया दिला. पुन्हा परत. बरं, रंगावर कुठे ओरखडा नाही, कोणी त्यावर पाठ टेकल्याची खूण नाही. फक्त सांध्यांमध्ये दरवेळी काळे तीळ.

"पलंगावर बसून चिक्की खातेत काय वं ही लोकं?" मनोहरराव पॉलिश पेपर घासता घासता म्हणायचे.

"नव्या जोडप्यायचं काही सांगता येत नाही," ती म्हणायची आणि हसायची.

एकदा तिने हौसेने त्या फळीवर मोगऱ्याची वेल काढली. पुष्करने पुढच्या खेपेला बजावलं, काकू, फूल-बिल नका काढू, साधंच ठेवा. फूल नको म्हणणारी ही नवरी आहे तरी कोण, यावर आम्ही तिघांनी पोर्चमध्ये बसून पुष्कळ डोकं चालवलं. मी म्हणालो, मास्तरीण असेल.

त्याच फळीच्या मध्यावर लाकडात एक गाठ होती. कितीही लांबी भरा, वाळली की खाली बसायची आणि अंगठ्याएवढा खळगा राहायचा. मनोहरराव त्याला पलंगाची बेंबी म्हणायचे. गोपिकाबाईचा हात थांबला होता तो त्या बेंबीवर.

चॉकलेटी रंग तिने दिला, आणि पुढच्याच आठवड्यात मनोहरराव चहा पिता पिता गेले.

तेरवीचा खर्च मांडताना जितेंद्र जरा हात आखडत होता, तेव्हा ती एकच बोलली होती. "जेवणात एक भाजी कमी कर. पण दानाचा पलंग नवा पाहिजे. जन्मभर त्याइच्या अंगाले दुसऱ्याचंच लागलं. आता जाताना तरी कोरं जाऊ दे." मेलेल्या माणसाच्या नावाने पलंग, गादी, छत्री, चपला महाराजांना द्यायच्या, म्हणजे त्या वाटेवर त्याला मिळतात, असं आमच्याकडे धरून चालतात. मनोहररावांना त्या वाटेवर एक नवी वस्तू मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं. पोरानेही मन मोठं करून नवा पलंग आणला. ओळखीचा माणूस म्हणून पुष्करकडून आणला.

जितेंद्रने तिथेच मांडवात फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"भाऊ, नवा म्हणून देल्ला तुमी."

"नवाच आहे ना," पलीकडून पुष्कर म्हणाला. "काय झालं, हलून राहिला काय?"

"माह्या आईनं रंगवलेला आहे तो."

पलीकडे थोडा वेळ नुसती दुकानातली खटखट ऐकू आली.

"काकू आहे काय तिथं? द्या बरं," पुष्कर म्हणाला. मग समजावणीच्या सुरात, "काकू, तेरवीचा पलंग कोणी वापरते काय? दिला, महाराजानं नेला, आपल्याकडं आला. लाकूड कुठं झिजते त्यात. अन् नवा नाही कसा म्हणता? तुमीच तर नवा केला."

गोपिकाबाईने फोन कापला नाही. जितेंद्रच्या हातात तो तसाच चालू राहिला, आणि पुष्कर हॅलो, हॅलो करत राहिला. ती पलंगाच्या कडेवर बसायला गेली आणि चटका बसल्यासारखी उठली. तीळ कुठले ते सगळ्यांना एकदमच कळलं. संक्रांतीला पांढरे तीळ लागतात. काळे कधी लागतात ते त्या मांडवात कोणाला सांगायची गरज नव्हती. एवढ्या वेळा ते तीळ आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर पडले होते आणि आम्ही चिक्कीवर हसलो होतो.

"माय वं," जिजाबाई म्हणाली, आणि पुढचं तिला सुचलं नाही. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच घडलं.

तेवढ्यात दान घ्यायचे ते महाराज, दत्तोपंत, आले. सत्तरीचे, काडीसारखे, खांद्यावर पिशवी. स्कूटर लावून आत आले तर सगळा मांडव त्यांच्याकडे बघत उभा. त्यांनी आधी धोतर नीट आहे का ते पाहिलं.

"महाराज," गोपिकाबाई म्हणाली, "हा पलंग तुमी याआधी किती घरून नेला?"

दत्तोपंतांनी पलंगाकडे पाहिलं. "हा? हा तर नवा दिसून राहिला."

"दानाचे पलंग तुमी काय करता?"

"विकतो," ते म्हणाले. लपवलं नाही. "बाई, माझी एक खोली. दानात आलेले सगळे पलंग घरात ठेवले असते तर मी छपरावर निजलो असतो. दुकानदार घेऊन जातो, पोटाला चार घास होतात. आधीपासून असंच आहे. त्यात पाप असेल तर ते मी घेतो, जेवण तर मीच जेवतो ना."

"विकला त्याचं काही नाही. तोच परत येते, हे माहीत होतं?"

"तोच?"

"एकदा पिस्ता होता. एकदा निळा. एकदा मोतिया. अन् एकदा त्याच्यावर मी मोगऱ्याची वेल काढली होती."

दत्तोपंतांची पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली. ती त्यांनी वर केली नाही.

"ती वेल तुमची होती?" ते म्हणाले. "हुडकेश्वरकडे एक मुलगी गेली होती. कॉलेजातली. तिचे वडील पूर्ण विधी होईस्तोवर त्या वेलीवर बोट फिरवत बसले. मला म्हणाले, महाराज, दुकानदाराला कसं कळलं हो, तिला मोगरा आवडत होता म्हणून." त्यांनी पलंगाच्या फळीकडे पाहिलं. "मी म्हटलं, ईश्वराची योजना."

 पातेल्यातली भाजी खाली लागल्याचा वास आला तरी आचारी हलला नाही.

"त्याच पलंगावर मी बसलो," दत्तोपंत स्वतःशीच म्हणाले. "दरवेळी बसलो. मला ओळखू नाही आला. कधीच नाही. तुम्ही रंगच असा देता."

मी तिचा चेहरा पाहत होतो. तिच्या रंगाची एवढी तारीफ कोणी केली नसेल, आणि तारीफ ऐकून माणूस असा पांढरा पडलेलाही मी कधी पाहिला नाही.

जितेंद्र मात्र पेटला. "थांब तू. मी जातो अन् दुसरा आणतो. कोरा करकरीत. आणि त्या पुष्करले दुकानातच पाहतो."

"नको जाऊ," ती म्हणाली.

"काहून? तूच तर म्हणे, नवा पाहिजे."

"दुसरा कशावरून नवा राहील? मीच रंगवलेला निघाला तं? कोणता नवा अन् कोणता मी केलेला, हे आता मले तरी सांगता येते काय?" ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात रंग काढायच्या औषधाचा डबा होता, जुना ब्रश होता आणि रंग खरवडायच्या चार-पाच पत्र्या. हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. "गादी बाजूला घ्या."

"अवं, मुहूर्त चालला," जिजाबाई म्हणाली. "पाहुणे उपाशी बसले. तेरवीच्या दिवशी रंगकाम करतेत काय?"

"रंगकाम नाही करून राहिली. काढून राहिली."

"अन् लोक काय म्हणतीन?"

"लोकायले खुर्च्या द्या," ती म्हणाली.

ब्रशने तिने फळीवर औषध लावलं. थोड्या वेळाने चॉकलेटी रंगाला सुरकुत्या पडल्या, म्हाताऱ्याच्या हातावरच्या कातडीसारख्या, आणि तिने पत्री चालवली. चॉकलेटी रंग पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडला. त्याच्याखाली मोतिया होता. पुष्कर घाई करायचा म्हणून ती जुना रंग पूर्ण कधी काढतच नव्हती. नुसता घासायची आणि त्यावर नवा द्यायची. त्यामुळे सगळेच तिथे होते. मोतियाखाली निळा. निळ्याच्या खाली, बेंबीच्या बाजूला, अर्धी मोगऱ्याची वेल आली तेव्हा तिची पत्री थांबली. तिने दत्तोपंतांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले. तिने वेलही खरवडली, पण हळू.

पहिल्यांदा जिजाबाई उठली. कुरकुरत आली, लुगडं खोचलं, "दे वं एक पत्री इकडं," म्हणाली आणि पायाच्या बाजूला बसली. मग जितेंद्र आला. आईच्या रंगाच्या डब्यांना त्या पोराने उभ्या आयुष्यात बोट लावलं नव्हतं, कॉलेजात असताना मित्रांना घरीही आणत नव्हता. आज तो टोपी काढून खिशात घालून पलंगाच्या पोटाखाली उताणा शिरला. "खालूनही रंगवला आहे वं," तो आतून म्हणाला.  मग पारशिवनीच्या बायका आल्या, पत्र्या संपल्या तशा कोणी उलथनं घेतलं, कोणी फुटकी काच घेतली. मलाही एक पाय दिला. पलंगाचा. तो मी असा घासला की तो बाकीच्या तिन्हींपेक्षा बारीक झाला, असं जिजाबाई अजून सांगते, आणि ती माझ्यापेक्षा खोटं बोलते.

पोर्चभर रंगाचे कपचे पडले. चॉकलेटी, मोतिया, निळे, पिस्ता, आणि सगळ्यांत खाली कुठलातरी तांबडा, जो तिने दिलेलाच नव्हता. तो पाहून ती खरोखर दचकली. म्हणजे तिच्याही आधी कोणीतरी होतं.

"याचं काय?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," दत्तोपंत म्हणाले. "माझ्याआधी आमचे वडील होते."

लाकूड उघडं पडलं तेव्हा कळलं की ते साधं आंब्याचं होतं. जागोजाग लांबीचे पांढरे डाग, खिळ्यांची छिद्रं, मध्ये ती गाठ. देखणं त्यात काही नव्हतं. तिने ओल्या फडक्याने ते पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि मागे सरली.

"बसा महाराज."

"मी नेल्यावर याचं काय होईल ते आता विचारू नका," दत्तोपंत म्हणाले, "नाहीतर मला खोटं बोलावं लागेल." मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "दारातून आत नाही जायचा. गल्लीत ठेवतो भिंतीला लावून. म्हातारी माणसं येतात संध्याकाळी, बसतील." आणि ते पलंगावर बसले. लाकडाची भुकटी त्यांच्या धोतराला लागली.

जितेंद्र खाली पाटावर बसला, ओंजळ केली. गोपिकाबाई तांब्या घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. दत्तोपंतांनी डोळे मिटले आणि संकल्पाला सुरुवात केली. नावापर्यंत आले.

"थांबा," ती म्हणाली. "आधी बाकीच्यायची नावं घ्या."

"कोणाची?"

"ज्याइच्या नावानं हा याआधी दिला त्याइची. त्याइलेही नवा म्हणूनच सांगितला होता."

"बाई, नावं कुठून लक्षात राहतील? एकेका दिवशी दोन-दोन घरं असतात."

"कोणाले हाच दिला होता ते आता कोण सांगीन? आठवतील तेवढी सगळी घ्या."

दत्तोपंतांनी पिशवी बाजूला ठेवली. मग सांगू लागले, थांबत थांबत, मध्येच चुकत. हुडकेश्वरची ती मुलगी, तिचं नाव त्यांना आठवलं, मयुरा. ते त्यांनी दोनदा घेतलं. एक शाळेतल्या बाई, त्यांच्या तेरवीला केस पांढरे झालेले विद्यार्थी आले होते. एक एसटीचा कंडक्टर, कवडू की कवडूजी. एक आजी, तिचं नाव तिच्या घरातही कोणाला सांगता येत नव्हतं, सगळे मायच म्हणायचे, म्हणून माय. प्रत्येकाला गोपिकाबाई जितेंद्रच्या ओंजळीत पाणी घालत होती आणि तो ते ताम्हणात सोडत होता. ज्यांचं काहीच आठवेना त्यांच्यासाठी दत्तोपंत नुसते, "आणि आणखी एक," असं म्हणाले. तिने त्यालाही पाणी घातलं. मग हलक्या आवाजात त्यांनी आणखी एक म्हटलं, आणि पुन्हा आणखी एक.

मांडवातलं कोणी उठलं नाही. जेवणं गार होत होती.

"आई," जितेंद्र हळूच म्हणाला, "बाबाचं?"

"त्याइचं शेवटी. त्याइले कुठं घाई होती."

दत्तोपंत पुन्हा थांबले, आठवून पाहिलं, मान हलवली. आता कोणी उरलं नव्हतं. त्यांनी पाठ सरळ केली आणि म्हणाले, "मनोहर."

गोपिकाबाईने तांब्या वाकवला. त्यात थेंब नव्हता. ती, थांबा हां जरा, म्हणाली आणि पोर्चच्या कोपऱ्यातल्या नळाकडे निघाली. रंगाच्या कपच्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने, भिंतीला धरून. नळाची धार बारीक होती. तांब्या काठोकाठ भरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. जितेंद्र तोपर्यंत ओंजळ तशीच धरून बसला होता.